दादाचं होल्स्टर

परवा शनिवारी सकाळी आठ वाजता शेखरदादाचा फोन आला. शनिवारी सकाळी आठला फोन करणाऱ्यांबद्दल माझी मतं फार तीव्र आहेत. पण दादा पडला सख्खा मावसभाऊ, त्यातून या देशात आल्यावर पहिले दोन महिने मी त्याच्याच सोफ्यावर काढलेले. उचलावा लागला.

"झोपलायस?"

"छे, कोड लिहीत होतो." (अर्थातच झोपलो होतो.)

"मग चल, होल्स्टर घ्यायला जाऊ. तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही ना?"

"नाही."

"मग तूच पाहिजेस. ज्यांना कळतं ते सगळे स्वतःचंच खपवतात."

होल्स्टर म्हणजे पिस्तूल ठेवायची म्यान. आपल्याकडे फौजदाराच्या कमरेला चामड्याचं, वर बटण असलेलं लटकत असतं ना, तेच. फक्त दादाला हवं होतं ते कपड्यांच्या आत, कोणाला दिसणार नाही असं आणि रोज बारा तास घालता येईल असं.

आता तुम्ही म्हणाल, सरळमार्गी मराठी माणसाचा आणि पिस्तुलाचा काय संबंध? सांगतो.

दादा ह्यूस्टनच्या पुढे, रोझेनबर्गच्या बाजूला एक छोटं दुकान चालवतो. दूध, बिअर, सिगरेटी, लॉटरीची तिकिटं, बाहेर पेट्रोलचे चार पंप. आधी तोही माझ्यासारखाच हापिसात जायचा. मग एकदा नोकरी गेली, आणि "आता दुसऱ्याच्या हाताखाली नाही" म्हणून एका मित्राबरोबर त्याने हे दुकान घेतलं. मागच्या हिवाळ्यात एका रात्री दहाच्या सुमारास दोन पोरं आत आली आणि एकाने पिस्तूल रोखलं. गल्ल्यात होते २३८ डॉलर, ते घेऊन गेली. सगळा प्रकार मिनिटभराचा.

महिनाभराने दादाने स्वतः पिस्तूल घेतलं. तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, "२३८ डॉलरसाठी?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "डॉलरचं सोड रे. माझे हात वर होते आणि काउंटरवर फोन वाजत होता. चिऊचा व्हिडिओ कॉल होता. झोपायच्या आधी ती रोज करते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

टेक्सासात सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला, कायद्याने तो अपात्र नसेल तर, परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं. तरी दादाने परवाना काढला. चार-सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा, मग पन्नास गोळ्यांची नेमबाजी. "लागत नाही तर काढलास कशाला?" तर म्हणे, "आपली कातडी बघ. रात्री पोलिसाने गाडी थांबवली तर हातात कागद असलेला बरा."

माझं स्वतःचं म्हणाल तर मी एच-वन-बीवर. आमच्यासारख्यांना इथला केंद्राचा कायदा बंदूकही बाळगू देत नाही आणि काडतूसही नाही, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर. त्यामुळे या सगळ्या प्रकारात माझी भूमिका लग्नातल्या फोटोग्राफरसारखी. सगळीकडे हजर, पण लग्न दुसऱ्याचं.

तसा बंदूक हा प्रकार आमच्या घराला अगदी नवा नाही. आजोळ कुडाळजवळ. भातात रानडुकरं उतरतात म्हणून आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, सगळं आटोपलं की परत आणायची. बाकी वेळ ती माजघरात उंच खुंटीला. काडतुसं मात्र दुसऱ्या खोलीत, लाकडी पेटीत कुलपात, आणि पेटीची किल्ली आजोबांच्या करगोट्याला. सुट्टीत आम्ही सात-आठ भावंडं घरभर धुडगूस घालायचो, पण आजोबांना कधी बंदुकीची काळजी करताना पाहिलं नाही. काळजी त्यांनी आधीच करून ठेवलेली होती.

दादाची अडचण अशी की त्याचं पिस्तूल भरलेलं आणि अंगावर. बंदूक एका खोलीत, काडतूस दुसऱ्या खोलीत हा आजोबांचा नियम इथे चालत नाही. दरोडेखोराला "जरा थांब हं, पेटी उघडून आलो" असं सांगता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. वहिनी आत वरणाला फोडणी देत होती. दादा सकाळपासून दुकानात राबून आलेला, सोफ्यावर लवंडला आणि तिथेच घोरायला लागला. चिऊ, वय वर्षं चार, खाली गालिच्यावर ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. थोड्या वेळाने दादा उठून आत गेला. मी त्याच्या जागेवर बसायला गेलो तर दोन उशांच्या फटीत काहीतरी काळं दिसलं. मला वाटलं टीव्हीचा रिमोट.

रिमोट नव्हता.

पुढच्या पाच सेकंदांत मी काय केलं ते मला नीट आठवतं. पिस्तुलाला हात लावला नाही. चिऊला उचललं, आत वहिनीकडे नेलं, आणि दादाला हाक मारली. माझा आवाज असा काही लागला असावा की तो धावतच आला. पिस्तूल बघून त्याचा चेहरा जसा झाला, तसा त्या दरोड्याच्या रात्रीही झाला नसेल.

झालं होतं असं. दुकानदाराने पिस्तुलाबरोबर एक मऊ नायलॉनचं, "सगळ्या मॉडेल्सना बसणारं" होल्स्टर दिलं होतं. किंमत अठरा डॉलर. सगळ्यांना बसणारं म्हणजे कोणालाच धड न बसणारं, हे आपल्याला रेडीमेड शर्टांवरून माहीत असायला हवं. त्याची क्लिप ढिली, आणि त्यातून दादाने ते साध्या, मऊ पट्ट्यावर लावलेलं. काउंटरमागे बसलं की मूठ बरगडीत टोचायची, म्हणून तो ते सैल करून घालायचा. आडवा झाला, पिस्तूल सरकलं, होल्स्टर कमरेला राहिलं आणि पिस्तूल सोफ्यात.

वहिनी तेव्हा काही बोलली नाही. जेवणं झाली, चिऊ झोपली, मग शांतपणे म्हणाली, "शेखर, हे एकतर नीट होईल, नाहीतर या घरात राहणार नाही. दोन आठवडे."

ते दोन आठवडे संपायच्या दिवशी सकाळी आठला मला फोन आला होता. आमच्या क्षेत्रात याला प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात.

मधल्या काळात मी नाही म्हटलं तरी पुष्कळ वाचलं होतं. जे वाचलं त्यात दोन गोष्टी डोक्यातून जात नव्हत्या. एक नोव्हेंबर २००८ची. प्लॅक्सिको बरेस हा न्यूयॉर्क जायंट्सचा फुटबॉलपटू. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुपर बोलमधला विजयी टचडाउन याचाच. हा गडी मॅनहॅटनच्या नाइटक्लबात गेला. ग्लॉक नुसतंच पँटच्या कमरेत खोचलेलं, होल्स्टर नाही. ते सरकलं, हा पकडायला गेला, गोळी स्वतःच्याच मांडीत. वर बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल तुरुंग. दुसरी गोष्ट डिसेंबर २०१४ची, आयडाहो राज्यातली. एक तरुण आई दुकानात खरेदी करत होती. पिस्तूल तिच्या पर्समध्ये, खास त्यासाठीच केलेल्या कप्प्यात. ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाचा हात त्या कप्प्यात गेला. ती गेली. याच्यापुढे मला लिहवत नाही.

दोन्ही गोष्टींत पिस्तूल बिघडलेलं नव्हतं. दादाचं पिस्तूलही ग्लॉकच, ४३एक्स, भरल्यावर साधारण साडेसहाशे ग्रॅम. त्याला बाहेरून सरकवायचा सेफ्टीचा खटका नाही. तीन सेफ्टी आहेत, एक ट्रिगरमध्येच आणि दोन आत, पण ट्रिगर ओढला की तिन्ही एकामागून एक सुटतात. ओढायला जोर लागतो साधारण अडीच किलोचा. म्हणजे कल्पना साधी आहे. ट्रिगरला काही लागलं नाही तर ते उडत नाही. पण जे लागेल ते बोटच आहे की शर्टाचं टोक, की जॅकेटची नाडी, की जुन्या चामड्याची आत वळलेली घडी, हे त्याला कळत नाही. ते कळायची जबाबदारी होल्स्टरची. म्हणून होल्स्टर ही नुसती पिशवी नव्हे, तो पिस्तुलाच्या सेफ्टीचा राहिलेला अर्धा भाग आहे.

तर आम्ही दुकानात पोचलो. काउंटरला साठीच्या आसपासची एक बाई, चष्मा गळ्यात लटकवलेला. दादाने सोफ्याची गोष्ट खरी खरी सांगितली. ती हसली नाही. दादाच्या पिस्तुलाला तिने हातही लावला नाही. एक निळं, भरीव प्लास्टिकचं, हुबेहूब त्याच आकाराचं नकली पिस्तूल आणून काउंटरवर ठेवलं. यात ना नळी ना ट्रिगर हलणारा. त्यामुळे मलाही हातात घेता आलं. मग तिने मला विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं सॉफ्टवेअर, टेस्टिंग टीम सांभाळतो. म्हणाली, "मग करा टेस्टिंग."

बास. मला एवढंच पाहिजे होतं.

पहिली टेस्ट ट्रिगरची. नकली पिस्तूल होल्स्टरमध्ये घालायचं आणि बाहेरून सगळीकडून पेन्सिलीने ट्रिगर दाबता येतो का बघायचं. ट्रिगरभोवतीचं कडं पूर्ण झाकलेलं हवं, आणि ते झाकणारा भाग कडक हवा. नायलॉनवाल्यात मी कापडावरूनच ट्रिगर दाबू शकलो. तिथेच बाद.

दुसरी टेस्ट धरून ठेवण्याची. होल्स्टर उलटं करायचं आणि गदागदा हलवायचं. कायडेक्स म्हणून एक कडक प्लास्टिक येतं. ते तापवून त्या विशिष्ट पिस्तुलाच्याच आकारावर बसवतात. आत घातलं की ट्रिगरच्या कड्यापाशी 'टक्' असा आवाज येतो. उलटं केलं तरी पडत नाही. चामड्याचं एकही उत्तम होतं, अंगाला मऊ, पण ह्यूस्टनचा उन्हाळा म्हणजे मुंबईचा मे महिना पाच महिने. चामडं घाम पितं, जुनं झालं की तोंडाशी ढिलं पडतं, आणि ती ढिली कड आत वळली तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

तिसरी टेस्ट तोंडाची. पिस्तूल बाहेर काढल्यावरही होल्स्टरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. ते मिटत असेल तर परत घालताना माणूस नळीच्या टोकानेच ते उघडायला बघतो, आणि नळी तेव्हा स्वतःच्या पोटाकडे असते.

चौथी टेस्ट मात्र मी ठरवून घेतली नव्हती, ती आपोआप झाली. दादा कायडेक्सचं एक घालून उभा होता, पोटासमोर, पट्ट्याच्या बकलाच्या थोडं बाजूला. बरेच लोक तिथे घालतात, पटकन काढता येतं म्हणून. आरशात अगदी दिसत नव्हतं. दादा खूश. मी सहज म्हटलं, "दादा, खाली वाकून दुधाचा क्रेट उचलल्यासारखं कर." तो वाकला आणि कळवळला. दादाचं पोट हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण मुद्दा असा की उभं राहून आरशात बघणं ही टेस्ट नव्हेच. मग मी त्याला त्याचा सगळा दिवस करायला लावला. उंच स्टुलावर बस. मागे वळून वरच्या फळीवरची सिगरेट काढ. बुटाची नाडी बांध. गाडीत बसून सीटबेल्ट लाव. चिऊला कडेवर घे (चिऊच्या जागी कुत्र्याच्या खाण्याची दहा किलोची पिशवी). दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली.

शेवटी जे ठरलं ते असं: कायडेक्सचं, पँटच्या आत, उजव्या कुशीच्या जरा मागे, घड्याळात चार वाजतात त्या दिशेला, थोडं पुढे झुकलेलं म्हणजे मूठ शर्टातून वर येत नाही. अंगाच्या बाजूला वरपर्यंत पट्टी, घाम पिस्तुलाला लागू नये आणि पिस्तूल कातडीला घासू नये म्हणून. आणि त्याच्याइतकाच महत्त्वाचा म्हणजे जाड, कडक पट्टा. त्या बाईने सांगितलं, टोचतंय म्हणून येणाऱ्या निम्म्या लोकांचं होल्स्टर ठीक असतं, पट्टा मऊ असतो. वजन पेलायला काही नसलं की ते एकाच जागी रुततं. अगदी मधोमध पाठीवर घालायचं होल्स्टर दादाला आवडलं होतं, पण तिने सरळ नाही म्हटलं. पाठीवर पडलात तर ते मणक्यावर येतं.

किंमत, होल्स्टर आणि पट्टा मिळून, १३० डॉलरच्या आसपास. दादा मनातल्या मनात त्याचे रुपये करत होता. सतरा वर्षं झाली तरी सवय जात नाही.

परत येताना गाडीत मी विचार करत होतो. मी घरून निघताना डोक्यात दोन रकाने केले होते, एक 'सुरक्षित', एक 'आरामशीर'. वाटलं होतं दोन्हींत तडजोड करावी लागेल. पण आमच्या हापिसात दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती होती तेव्हा काय व्हायचं? अर्ध्या मॉनिटरांवर पिवळ्या चिठ्ठ्या. जी सुरक्षा माणसाला सतत टोचते, ती माणूस थोड्या दिवसांत काढून ठेवतो. दादाचंही तेच झालेलं. टोचतंय म्हणून सैल केलं. कधी काढून फ्रिजवर ठेवलं, कधी गाडीच्या कप्प्यात. पिस्तूल अंगावर असतं तोवर निदान कुठे आहे ते माहीत असतं. घोळ होतो तो अंगावरून उतरल्यावर. म्हणजे 'आरामशीर' हा वेगळा रकाना नव्हताच.

पण कधीतरी ते उतरवावं लागतंच की! परवाना असला तरी शाळेच्या इमारतीत नेता येत नाही, पोस्ट ऑफिसात नाही, बारमध्ये नाही. चिऊला सोडायला शाळेत जायचं म्हणजे आठवड्यातून पाच वेळा गाडीत ठेवणं आलं. म्हणून त्या बाईने शेवटी सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही. क्लिप सोडवायची आणि होल्स्टरसकट सगळंच बाहेर काढायचं. ट्रिगर झाकलेलाच राहतो. तसंच ते पेटीत ठेवायचं. परत घालताना तसंच अख्खं चढवायचं. आणि कधी नुसतं पिस्तूल आत घालायची वेळ आलीच, तर शर्ट बाजूला करून, खाली बघत, सावकाश. पिस्तूल परत ठेवायची शर्यत कोणी जिंकलेली नाही, असं ती म्हणाली.

त्यामुळे येता येता दोन पेट्या घेतल्या. एक लहान, गाडीत, सीटच्या सांगाड्याला वायरने जखडलेली. एक घरात, बाहेरच्या दाराजवळच्या कपाटात, भिंतीला बोल्टने ठोकलेली. ड्रिल मी मारलं. एवढं तर कायद्याने मला चालतं. टेक्सासात निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं पिस्तूल सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा आहे, हे दादाला परवान्याच्या वर्गात शिकवलं होतं. पण कायदा काय, तो झाल्यावर येतो.

वहिनीने सगळं बघितलं. पेटी उघडून, बंद करून, ओढून पाहिली. मग म्हणाली, "आधी पेटी, मग चपला. दारातून आत आल्यावर पहिलं काम हे. जेवायचं नाही, पाणी नाही, चिऊला उचलायचं नाही." दादाने मान हलवली. "आणि एकदा जरी चुकलं..." तिने वाक्य पूर्ण केलं नाही.

काल रात्री तिकडेच होतो. साडेदहाला दादाची गाडी वाजली. चिऊ जागीच होती, "बाबा!" करून दाराकडे धावली. दादा आत आला, एक हात तिच्याकडे पुढे करून तिला तिथेच थांबवलं, दुसऱ्या हाताने कपाट उघडलं. क्लिप सोडवल्याचा आवाज, पेटीचं झाकण, कुलूप. मग चपला काढल्या आणि मग तिला उचललं. सगळं मिळून वीसेक सेकंद. ती तेवढा वेळ एका पायावर उभी राहून वाट बघत होती. तिला तो खेळ वाटतो.

मला ते पिस्तूल आवडतं का? नाही. दादाच्या जागी मी असतो तर घेतलं असतं का? काउंटरवर वाजणारा तो फोन आठवला की ठामपणे नाही म्हणवत नाही. आजोबांच्या कमरेला किल्ली असायची आणि बंदूक खुंटीला. दादाच्या कमरेला बंदूकच आहे. निदान पेटी तरी पुन्हा घरात आली, एवढंच समाधान.

असो. ते अठरा डॉलरचं नायलॉनचं होल्स्टर वहिनीने कात्रीने कापून कचऱ्यात टाकलं. कोणी उचलून वापरू नये म्हणून.